हिरव्या बटणाचा कोड

त्या रिमोटला बेचाळीस बटणं होती आणि तेजरामला त्यातलं एकच हवं होतं. हिरवं, वरच्या कोपऱ्यातलं, अंगठ्याएवढं मोठं. उरलेली एक्केचाळीस कोणी काढून नेली असती तर त्यानं विचारलंसुद्धा नसतं.

हे एक बटण त्याला इतकं कशाला हवं होतं ते आधी सांगायला पाहिजे, नाहीतर माणूस रिकामटेकडा वाटेल. तेजराम मेश्राम भरवेलीच्या मँगनीज खाणीतून निवृत्त झाला त्याला सहा वर्षं झाली. बालाघाटात दोन खोल्यांचं घर, त्यात तो आणि बायको मैनाबाई. मैनाबाईचा आवाज साऱ्या वॉर्डाच्या ओळखीचा. रविवारी विहारात वंदना तीच सांगायची, आणि मागे बसलेल्या बायकांना तिच्या मागून म्हणायचं एवढंच काम असे. ऑक्टोबरात तिला लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि बोलणं तुटलं. शब्द येतो, पण वाटेत फार वेळ लावतो. एक शब्द निघून दुसरा यायच्या आत समोरचा माणूस तिसरंच काहीतरी बोलून मोकळा होतो. समोरचा माणूस म्हणजे बहुतेक वेळा तेजरामच.

ज्या घरात तीस-पस्तीस वर्षं बाईचा खणखणीत आवाज घुमला ते घर असं गप्प झालेलं तेजरामला सोसेना. म्हणून तो टीव्ही लावून ठेवायचा. टीव्हीचा जुना रिमोट बादलीत पडून मेला होता, तर टीव्हीच्या मागचं बटण चाचपून दाबायचं, मग सेट-टॉप बॉक्स, म्हणजे तो ज्याला डब्बा म्हणे, त्याचं बटण दाबायचं, की झालं सुरू. सकाळी लावला की जेवणापर्यंत, जेवणानंतर लावला की झोपेपर्यंत. बाजारात गेला तरी चालू, दवाई आणायला गेला तरी चालू. मैनाबाई पलंगावर, टीव्ही समोर, आणि घरात निदान कोणीतरी बोलतंय.

तर मुद्दा असा, की मुलगी संध्या नागपुरात राहते, आणि मंगळवारी तिचा फोन आला.

"बाबा, तुमी बाहेर गेले का आई काय करते एकटी?"

"करते ना सगळं."

"काय सगळं? मी रविवारी येऊन राह्यली. आईले घेऊन जातो. इथं एक मॅडम हायेत, लकव्याच्या पेशंटले बोलणं शिकवतात. तिथं तुमच्याच्यानं होत नाही, आणि तिच्या हातानं तर काहीच नाही होत."

आता या ठिकाणी एखाद्यानं खरं सांगितलं असतं. पण मैनाबाई नागपूरला गेली तर या दोन खोल्यांत आपण कोणाला जेवायला हाक मारायची, एवढंच तेजरामला दिसलं, आणि तोंडातून निघून गेलं, "काहून नाही होत? टीव्ही लावते ना ती. स्वतः लावते, स्वतः पाह्यते."

मग संध्या म्हणाली, "खरंच? मग मले दाखवा. तिच्या हातानं एवढं जरी होत असन ना, तर मी जिद्द नाही करणार. इथंच राहू द्या."

फोन ठेवला आणि तेजरामनं मागे वळून पाहिलं. मैनाबाई पलंगावरून त्याच्याकडे बघत होती. डावा हात टीव्हीकडे करून ती म्हणाली, "ते... ते..."

"हौ, हौ, दिसून नाही राह्यलं का बरोबर?" म्हणत त्यानं टीव्हीच्या मागे हात घालून आवाज दोन काड्यांनी वाढवला.

बुधवारी सकाळी तो काली पुतली चौकाजवळच्या प्रियंकाच्या दुकानात गेला. ही प्रियंका बापाचं दुकान सांभाळते, चष्मा कपाळावर ठेवून मोबाइल उघडते, आणि मराठी बोलायला लागली की दुसऱ्या वाक्यात हिंदीत शिरते. तेजरामनं तिला सांगितलं की एकच बटण पाहिजे, डाव्या हाताच्या अंगठ्यानं दाबता येईल असं, आणि त्यानं टीव्ही अन् डब्बा दोन्ही लागले पाहिजेत.

"होते ना अंकल," ती म्हणाली आणि काचेखालून तो बेचाळीस बटणांचा रिमोट काढला. "सगळ्या टीव्हीले चालते हा. पण तुमचं जे काम हाय, दोन्ही एक साथ, वो सीधा नहीं आता. उसका स्पेशल फंक्शन कोड रहता है. कोड टाकून त्या हिरव्या बटणावर बसवा लागते. एक बार दबाया तो दोनों चालू, फिर दबाया तो दोनों बंद."

"मंग बसवून दे."

"इथं कसं बसवू? टीवी-डब्बा सामने पाहिजे. सोमवारी येते मी घरी."

सोमवार काही कामाचा नव्हता. तेव्हा प्रियंकानं रिमोटच्या खोक्यातला घडीचा कागद काढून त्याच्या पाठीमागे पेनानं सगळं लिहून दिलं, आणि त्याच्याकडून दोनदा तोंडी म्हणवून घेतलं. सेट नावाचं बटण दाबून धरा. लाल लाइट दोनदा लुकलुकला की सोडा. मग नऊ-तीन-नऊ. लाइट पुन्हा दोनदा लुकलुकेल. मग पाच आकडी कोड, शून्य-शून्य-चार-एक-आठ. शेवटी हिरवं बटण. लाइट लांब पेटून विझला की बसला कोड.

यात न समजण्यासारखं काय आहे? तेजरामलाही तेच वाटलं. तो घरी आला, चष्मा चढवला, पलंगाच्या पायाशी स्टूल ओढून बसला आणि सेट दाबून धरलं. लाल लाइट दोनदा लुकलुकला. त्यानं नऊ-तीन-नऊ दाबलं. टीव्हीवर ९३९ नंबरचं चॅनल लागलं, आणि त्यावर एक माणूस कढई उलटी करून तिच्यावर हातोडी मारून दाखवू लागला.

तेजराम गोंधळला. असं होईल हे प्रियंकानं सांगितलं नव्हतं. तरी म्हटलं असेल बाबा, पुढे जाऊ. त्यानं पाच आकडे दाबले. टीव्हीवर पट्टी आली की हे चॅनल उपलब्ध नाही. मग आपोआप पुन्हा कढईवाला. हिरवं बटण दाबलं तर काहीच नाही.

पुन्हा केलं. पुन्हा कढईवाला. कागद उलटा करून छापील सूचना वाचल्या, तर तिथं लिहिलं होतं, 'वांछित कुंजी पर विशेष कार्य संहिता आरोपित करें।' तेजरामनं ते तीनदा मोठ्यानं वाचलं, पण कोणाला आरोपी करायचं आहे ते काही कळेना. बॅटऱ्या काढून घातल्या. पलंगाच्या डाव्या बाजूनं करून पाहिलं, उजव्या बाजूनं करून पाहिलं, टीव्हीच्या अगदी तोंडासमोर उभं राहून पाहिलं. चॅनल एकच, माणूस एकच, कढई तीच. गुरुवार असाच गेला. शुक्रवारी दुपारी तो दुकानात जाऊन प्रियंकाशी भांडून आला की कोड खोटा आहे. तिनं त्याच्यासमोर दुकानातल्या टीव्हीवर तोच कोड, त्याच रिमोटनं, पाच मोजायच्या आत बसवून दाखवला आणि घरचा टीव्ही समोर पाहिजे म्हणून परत काढून टाकला. "अंकल, मैंने क्या अलग किया?" तिनं विचारलं. तेजरामच्या डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसलं होतं.

घरी येताना त्याला खरंच वाटू लागलं की आपलं डोकं काम देईनासं झालंय. एकीला लकवा, दुसऱ्याचं डोकं गेलेलं, संध्या म्हणते त्यात चूक काय. त्याला रस्त्यात रडू आलं आणि त्यानं ते खोकल्यात दाबलं.

आणि मैनाबाई? तिचे हे तीन दिवस कढईवाल्यासोबत गेले. ती मधूनच डावा हात उचलायची, "ते... ते..." म्हणायची. तेजराम म्हणायचा, "हौ, मैना, लावून देऊन राह्यलो, थांब जराशी. तुह्या हातानं लागन आता." मग ती डोळे मिटून घ्यायची, आणि त्याला वाटायचं, झोपली.

शनिवारी सकाळी चैतराम आला. हा चैतराम खाणीत त्याचा जोडीदार. म्हणजे जोडी कशी, तर दोघं एकमेकांना पूर्ण पाळीभर दिसायचेच नाहीत. माणसं वर-खाली नेणारा लोखंडी पिंजरा शाफ्टच्या, म्हणजे खाणीच्या उभ्या विहिरीच्या, तोंडाशी उभा असे, त्याच्या दाराशी घंटीच्या दोरीला हात लावून तेजराम, आणि दूर इंजिनघरात पिंजरा ओढणाऱ्या यंत्रावर चैतराम. बोलणं फक्त घंटीनं. इकडून दोन ठोके गेले की तिकडून दोन ठोके परत यायचे, म्हणजे ऐकलं, आता सोडतो. तिकडून तीन आले की इकडून तीन द्यायचे. परत घंटी आल्याशिवाय पिंजरा तसूभर हलवायचा नाही, कारण खाली माणसं असतात. एकतीस वर्षं दोघांनी हेच केलं आणि त्यांच्या पाळीत कोणाच्या नखालाही धक्का लागला नाही.

"काय गा, चार दिवस झाले दिसून नाही राह्यला," म्हणत चैतराम दारातल्या खुर्चीवर बसला. तेजरामनं त्याला सगळं सांगितलं. संध्याला मारलेली थाप तेवढी आवाज बारीक करून सांगितली, मैनाबाईला ऐकू जाऊ नये म्हणून.

"करून दाखव बरं," चैतराम म्हणाला.

तेजरामनं सेट दाबून धरलं. लाल लाइट दोनदा लुकलुकला. त्यानं नऊ-तीन-नऊ दाबलं आणि कढईवाला आला.

चैतरामनं खुर्ची पुढे घेतली. "परत कर." तेजरामनं परत केलं. चैतराम टीव्हीकडे बघतच नव्हता, तो तेजरामच्या हाताकडे बघत होता. तिसऱ्यांदा करायला लावलं आणि मग तो एवढा हसला की त्याला ठसका लागला आणि मैनाबाईनं डोळे उघडले.

"अबे, तू त्या लाइटले जवाब काहून देऊन राह्यला?"

"कायचा जवाब?"

"तो दोनदा लुकलुकला का तू सेटचं बटण परत दोनदा ठोकतं. टक, टक. पाह्यलं मी. तीनही खेपेले."

तेजरामला हे खरं वाटेना. त्यानं पुन्हा करून पाहिलं, या वेळी स्वतःच्याच अंगठ्यावर नजर ठेवून. लाइट लुकलुकला, एक, दोन. आणि अंगठा, जणू दुसऱ्या कोणाचा असावा तसा, स्वतःहून उठला आणि दोनदा दाबून मोकळा झाला. पहिल्या ठोक्यालाच रिमोट कोड घ्यायचं सोडून देत होता, आणि पुढचे सगळे आकडे बिचाऱ्या डब्ब्याला चॅनलचे नंबर वाटत होते.

"हे तर मले मालूमच नाही," तेजराम म्हणाला. त्याला हसावं की रडावं ते कळेना.

"एकतीस साल केलं ते कसं मालूम पडन? आण तो अंगठा इकडं." चैतरामनं त्याचा उजवा अंगठा आपल्या मुठीत गच्च धरला. सेट चैतरामनंच दाबून धरलं. लाइट दोनदा लुकलुकला आणि त्याच्या मुठीतला अंगठा दोनदा फुरफुरला, पण त्याला काही सोडलं नाही. तेजरामनं डाव्या हाताच्या बोटानं नऊ-तीन-नऊ दाबलं. टीव्ही जागचा हलला नाही. लाइट पुन्हा लुकलुकला, अंगठा पुन्हा फुरफुरला. शून्य-शून्य-चार-एक-आठ. हिरवं. लाल लाइट लांब पेटला आणि विझला.

तेजरामनं हिरवं बटण दाबलं. टीव्ही आणि डब्बा दोन्ही एकदम बंद. परत दाबलं. दोन्ही चालू. दोन म्हातारे एकमेकांकडे बघून शाळकरी पोरांसारखे हसले.

चैतराम म्हणाला, "दे वहिनीच्या हातात, पाहू दे करून." पण तेजरामनं रिमोट पुसला आणि वरच्या फळीवर ठेवला. उद्या, पोरीसमोर, पहिल्यांदा. आधी हाताळला तर पुन्हा काही बिघडायचं. त्या शनिवारीही टीव्ही चालूच राहिला.

रविवारी दहाच्या सुमारास संध्या आली. आईच्या उशाशी बसली, तिचे केस सारखे केले, फाइल उघडून दवाया तपासल्या. तेजरामनं आज मुद्दाम टीव्ही बंद ठेवला होता. त्याच्यानं धीर धरवेना. "चहा मंग पेजो. आधी पाह्य," म्हणत त्यानं फळीवरून रिमोट काढला, मैनाबाईच्या डाव्या हातात दिला, अंगठा हिरव्या बटणावर नेऊन ठेवला आणि मागे सरकला. "दाब, मैना."

मैनाबाईनं रिमोटकडे पाहिलं. मग बंद टीव्हीकडे पाहिलं. अंगठा होता तिथंच राहिला.

"दाब ना. हेच ते. हिरवं."

काही नाही. संध्या बापाकडे बघू लागली. पुढे होऊन तेजरामनं मैनाबाईच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि दाबला. टीव्ही लागला. "पाह्य! लागला!"

आणि मैनाबाईनं स्वतःच्या अंगठ्यानं बटण दाबलं. टीव्ही बंद.

"हं, चुकून दोनदा दाबल्या गेलं," तेजराम म्हणाला आणि परत दाबला. चालू. मैनाबाईनं दाबला. बंद. त्यानं दाबला, चालू. तिनं दाबला, बंद. या वेळी तर जोरानं दाबला, अंगठ्याचं नख पांढरं पडलं. कालपर्यंत ठीक होता हा रिमोट, आता काय झालं याला, कोड सुटला की बॅटरी गेली? तेजरामनं रिमोट घ्यायला हात पुढे केला. मैनाबाई सोडेना. तो ओढू लागला, तिनं रिमोट छातीशी धरला.

संध्यानं बापाचं मनगट पकडलं.

"बाबा, रिमोट बरोबर हाय. तिले बंदच कराचा हाय."

तेजराम तसाच उभा राहिला. "बंद कराचा? लावाले तर... तिच्यासाठीच तर..."

मैनाबाईनं तोंड उघडलं. "मी..." म्हणाली आणि थांबली. ओठ हलत होते. तेजराम सवयीनं म्हणणार होता, पाणी पाह्यजे का? पण संध्यानं मनगट सोडलं नव्हतं, आणि तिनं ते दाबलं.

"मी... बोलाले... लागली..." बाहेरून सायकलवाल्याची घंटी गेली, तीही विरली. "...का... हा... बोलते." आणि तिनं रिमोट टीव्हीकडे रोखला.

चार महिने. सकाळपासून झोपेपर्यंत चार महिने तिनं त्या पेटीशी बोलण्यात शर्यत लावली होती आणि रोज हरली होती. टीव्हीकडे हात करून ती जे 'ते, ते' म्हणत होती त्याचा पुढचा शब्द त्यानं एकदाही ऐकला नव्हता, उलट आवाज वाढवून दिला होता. तेजरामला इतकी लाज वाटली की तो स्टुलावर बसला आणि पायांकडे बघू लागला. घर गप्प होऊ नये म्हणून टीव्ही होता. पण गप्प घराची भीती कोणाला होती? तिला तर कधीच नव्हती.

संध्यानं हळूच विचारलं, "आई, नागपूरले येतं का? तिथं त्या मॅडम हायेत, बोलाचं शिकवणाऱ्या. का इथं राह्यतं?"

तेजरामच्या तोंडात उत्तर तयार होतं. इथं राहीन ती, इथंच बरं हाय तिले. चार महिने तिच्या वतीनं तोच उत्तरं देत आला होता, डॉक्टरला, शेजाऱ्यांना, मुलीला. त्यानं दात दातांवर घट्ट धरले. खोलीत कसलाच आवाज नव्हता आणि त्याला त्या शांततेत अंग चोरून बसल्यासारखं झालं, तरी तो बसून राहिला.

मैनाबाईला वेळ लागला. एकदा शब्द निघाला तो भलताच निघाला, तिनं मान हलवून तो परत घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून लागली.

"जाईन... एक... महिना. बोलणं... शिकून... येईन."

संध्यानं डोळे पुसले. तेजराम कशीबशी मान हलवून हौ म्हणू लागला, तेवढ्यात मैनाबाईनं डावा हात वर केला. तिचं संपलं नव्हतं. ती त्याच्याकडे वळली.

"तवर... तुमी..."

"जेवून घेत जाईन," तेजराम पटकन म्हणाला. तिनं मान हलवली, ते नाही. "चैतरामकडे जात जाईन." तेही नाही. "दवाई? बीपीची? घेईन ना." मैनाबाईनं डोळे मिटले, मोठा श्वास घेतला आणि उघडले. मग मात्र तेजराम गप्प झाला, आणि या वेळी त्याचं मनगट कोणी धरलेलं नव्हतं.

"तवर तुमी..." ती म्हणाली, "ऐकणं... शिका."